भिंतीकडेची फेरी

"तोंड मीट आणि खिडकी उघड! चाक काय म्हणतंय ते आधी ऐक, तुझं शहाणपण मग सांग."

उस्ताद जाऊन जमाना झाला, त्यांचं गॅरेजही गेलं. पण ते खेकसणं मिस्त्रीच्या कानात अजून तसंच होतं. मिस्त्रीच्या स्वतःच्या गॅरेजमागच्या गल्लीतही गोदामाची लांबच लांब भिंत होती. ब्रेकचं काम झालं की गाडी त्या भिंतीला धरून न्यायची, काच खाली करायची आणि हलकेच ब्रेक दाबायचा. मोकळ्या हवेत जो आवाज विरून जातो, तो भिंत परत आणून हातात ठेवते. उस्तादांनी शिकवलेली ही फेरी मिस्त्रीने कधी चुकवली नाही. तिच्यावरच त्याचं नाव झालं. कुठल्या चाकात खडा अडकलाय, कुठली पिन कोरडी पडलीय, हे तो डोळे मिटून सांगायचा आणि मग मिशीतल्या मिशीत हसायचा. लोक त्याला कानमिस्त्री म्हणायचे.

नर्सबाईंची छोटी पांढरी गाडी बारा वर्षं त्याच्याच हातातली. बाई निवृत्त झाल्या होत्या, पण घरोघर जाऊन म्हाताऱ्यांची मलमपट्टी करणं त्यांनी सोडलं नव्हतं. मागच्या सीटवर कापसाची निळी पिशवी, आणि गावभर कुठल्या ना कुठल्या खिडकीत त्यांची वाट बघणारे डोळे. त्याने गाडीचे पुढचे ब्रेकपॅड बदलून दिले आणि चौथ्या दिवशी बाई परत हजर.

"मिस्त्री, पॅड घातलेत की चाकात मांजर कोंडलंय? हळू ब्रेक लावला की असं किंचाळतं, दाढा शिवशिवतात माझ्या."

"नवे आहेत, बाई. डिस्कशी ओळख व्हायला थोडा वेळ लागतो. नवी सून घरात आल्यासारखं."

"सुना नाही किंचाळत, सासवा किंचाळतात! चला, बसा, ऐकवते."

दोघं भिंतीकडेने निघाले. बाईंनी ब्रेक दाबला. मिस्त्रीला टायरची घसट ऐकू आली, इंजिनाची गुरगुर ऐकू आली, भिंतीवरून परतणारा वारा ऐकू आला.

"हे बघा! ऐकलंत?" बाईंनी खांदे आक्रसले.

"परत दाबा."

परत तेच. घसट, गुरगुर, वारा. गल्लीच्या तोंडाशी दुकानात शिंपी मशीनवर वाकला होता. त्याने मान वर केली आणि लिंबाची फोड चावल्यासारखं तोंड करून थेट चाकाकडे पाहिलं. मिस्त्रीने काच वर चढवली.

गॅरेजात बाकावर तीन गिऱ्हाइकं बसली होती. "काय निघालं, कानमिस्त्री?" एकाने विचारलं. तिघांचे डोळे त्याच्यावर. खरं काय ते जिभेच्या टोकाशी आलं आणि तिथूनच मागे फिरलं.

"काही नाही. आवाजच नाही. बाईंना भास होतोय."

बाक खदखदून हसला. "ह्यांना आला नाही म्हणजे नाहीच तो!" बाईही हसल्या, पण जरा उशिराने.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको आतून ओरडत आली. "अहो! किटली बोंबलून बोंबलून रिकामी झाली, आणि तुम्ही तिच्या मांडीला मांडी लावून पेपर वाचताय!"

"लक्ष नव्हतं."

"रोजच नसतं!"

ती गेल्यावर त्याने किटलीत पुन्हा पाणी भरलं आणि समोर उभा राहिला. पाणी उकळलं. तोटीतून वाफेची पांढरी दोरी सुटली. शिटी नाही. खिडकीबाहेर तारेवर चिमण्या बसल्या होत्या. इवल्या चोची उघडत होत्या, मिटत होत्या. हल्ली चिमण्या गप्प झाल्या, असं तो कितीतरी दिवस लोकांना सांगत होता. चिमण्या गप्प झाल्या नव्हत्या.

आवाज कशाचा असणार, हेही त्याला ठाऊक होतं. पॅडच्या पाठीला पातळ पत्र्या लागतात; त्या नसल्या की पॅड थरथरतो आणि डिस्क किंचाळते. जुन्या पत्र्या गंजून गेल्या होत्या, नव्या हाताशी नव्हत्या. बघू, फेरीत काही ऐकू आलं तर घालू, म्हणून त्याने तसेच पॅड बसवले होते, आणि फेरीत त्याला काहीच ऐकू आलं नव्हतं. अर्ध्या तासाचं काम. पण ज्या गाडीला आवाजच नाही असं चारचौघांत सांगितलं, तिच्यात दुरुस्त काय करणार? फोन उचलायचा आणि खाली ठेवायचा, असे आठ दिवस त्याने काढले.

नवव्या दिवशी पांढरी गाडी आली. चालवत होता बाईंचा मुलगा; बाई शेजारी बसल्या होत्या.

"काका, हिला गिऱ्हाईक बघा," मुलगा किल्ली पुढे करत म्हणाला. "आता आईने गाडी चालवायची नाही."

"का रे बाबा?"

"आवाज येतो, आवाज येतो, एकच धोशा. मी स्वतः चालवून पाहिली. काही नाही."

"गाणी लावून चालवलीस," बाई म्हणाल्या.

"आई, काकांनी सांगितलं ना? त्यांना नाही आला ऐकू. आज नसलेलं ऐकू येतंय, उद्या समोरचा माणूस दिसायचा नाही. मग?"

बाई खाली उतरल्या. मागचं दार उघडून त्या निळी पिशवी काढू लागल्या. पिशवी छातीशी धरून मिस्त्रीजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "तुम्हीच सांगा, मिस्त्री. खरंच होतात का हो मला भास? परवा एका आजोबांना इंजेक्शन देताना तीनदा मात्रा तपासली. तरी खात्री वाटेना. एवढ्या वर्षांत असं झालं नव्हतं."

बाक भरलेला होता. मिस्त्रीने फडक्याने हात पुसले. हात कोरडेच होते, तरी पुसत राहिला. पुन्हा बघतो म्हणावं, गुपचूप पत्र्या घालाव्यात, नवे पॅड आता रुळले म्हणून सांगावं, नाव राहील. आणि ही बाई उरलेलं आयुष्य स्वतःलाच तीनदा तपासत बसेल. त्याला बाईंकडे बघवेना. बाकाकडेही बघवेना. तळहातापासून कानापर्यंत तो लाजेने तापला होता.

त्याने मुलाच्या हातातली किल्ली घेतली आणि बाईंच्या हातात ठेवली.

"आवाज आहे," तो म्हणाला. "पॅडमागच्या पत्र्या मी घातल्याच नाहीत, म्हणून येतोय. तुम्हाला ऐकू आला, त्या शिंप्यालाही आला. मला नाही येत. बारीक आवाज मला ऐकूच येत नाहीत, बाई. कधीपासून, तेही ठाऊक नाही. शिंप्याने मान वर केली तेव्हाच मला कळलं होतं. कळलं होतं, आणि तरी मी तुम्हाला भास होतो म्हणालो."