नातीच्या नावाचा डाव

शिंपीकाका आणि त्यांचे व्याही, म्हणजे सुनेचे वडील, कित्येक वर्षं पोस्टकार्डांवर बुद्धिबळ खेळत. एका कार्डात एक चाल, उरलेल्या जागेत टोमणे. व्याह्यांचं दूरच्या गावी चष्म्याचं दुकान. आतापर्यंत नऊ डाव यांचे, नऊ त्यांचे. नात झाली तेव्हा ठरलं, एकोणिसावा डाव जिंकेल त्याने तिचं नाव ठेवायचं. काकांना आपल्या आईचं नाव हवं होतं. घरात ते कुणाला बोलले नव्हते. देवाला तेवढं रोज सांगत.

नात कुशीवर वळू लागली तरी डाव चालूच. सून म्हणाली, "बाबा, ही शाळेत जायच्या आत उरका म्हणजे झालं."

मग घाई झाली आणि घाईच नडली. एका कोटाची बाही उसवता उसवता काकांनी चाल लिहिली, कार्ड पेटीत टाकलं आणि घरी येऊन पटाकडे पाहिलं, तर वजीर थेट व्याह्यांच्या उंटाच्या तोंडी! कपाळावर हात मारून घेतला.

आठवड्याने उत्तर आलं. "व्याहीबुवा, पाण्याने अक्षर पुसलंय. चाल पुन्हा कळवा."

"अहो, बॉलपेनचं अक्षर कधी पाण्याने जातं का?" काकू म्हणाल्या. "संधी देताहेत ते. घ्या गुपचूप."

"घेतो की! आणि मग जन्मभर ऐकून घेतो!"

बोलून गेले खरे, पण वजीर वाचला तर डाव काकांचाच होता. दोन दिवस कार्ड कोरं राहिलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी तीच चाल लिहिली आणि खाली खरडलं, "चष्म्याचं दुकान तुमचं, आणि एवढं दिसेना?"

"वजीर खाल्ला," व्याह्यांनी कळवलं. "गोड नाही लागला."

आणखी चार कार्डं, आणि काकांवर मात झाली. मग हे आलं: "जिंकलो, पण इतके महिने तुमच्या घोड्यांनी डोकं खाल्लं, नावाचा विचार करायचाच राहिला. आता तुम्हीच ठेवा. जिंकणाऱ्याचा हुकूम आहे, वाद नको."

काका पाळण्यापाशी गेले. तोंड उघडलं, पण शब्द ओठांवरच अडला. उभ्या आयुष्यात ते नाव त्यांनी कधी हाकेला वापरलं नव्हतं. आईला नावाने कोण हाक मारतं? शेवटी कसेबसे पुटपुटले.

नातीने जांभई दिली.

"मोठ्याने, बाबा!" सून हसत म्हणाली. "तिचं सोडा, मलाही ऐकू आलं नाही."