अठरा वेळा दुरुस्त

आमचं कटिंग मशीन माझ्याहून हट्टी. ते बनवणारी कंपनी कधीच बंद पडली, आणि त्याचा प्रोग्राम फक्त जुन्या कॉम्प्युटरवर चालतो. तो कॉम्प्युटर मोडायला आला तेव्हा वहिनीने तो अख्खाच्या अख्खा नव्या कॉम्प्युटरच्या पोटात नेऊन बसवला. याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. दादा बूट शिवतो, मी सोल कापतो, आणि आम्हा दोघांची अक्कल वहिनीकडे असते.

शुक्रवारी सकाळी, या आतल्या कॉम्प्युटरला चालवणाऱ्या प्रोग्रामबद्दल पडद्यावर आलं, ‘नवी आवृत्ती उपलब्ध’. नवं दिसलं की माझे हात शिवशिवतात. वहिनी यायच्या आत मी होकार दाबून मोकळा झालो. नव्याचे नऊ दिवस म्हणतात. इथे नऊ मिनिटंही नाहीत. आतला कॉम्प्युटर उठला, पण कटिंग मशीनला ओळखच दाखवेना.

आणि चार वाजता शाळेतल्या बाई यायच्या होत्या. अपघातानंतर त्यांचा डावा पाय दोन बोटं आखूड झालाय. त्यांचा वर्ग पहिल्या मजल्यावर. सोमवारी जिना चढता आला नाही तर वर्ग दुसऱ्या कुणाला देऊ, असं शाळेने कळवलं होतं. दादाने बूट शिवून ठेवला होता, राहिला होता फक्त उंच सोल. पायाची मापं सगळी आतल्या कॉम्प्युटरात.

मी घाबरून आतल्या कॉम्प्युटरला झोपवलं, नवी आवृत्ती काढली आणि आवृत्त्यांच्या यादीतली सगळ्यात जुनी घातली. जुनं ते सोनं. पण आता तो उठेचना.

‘जुनं पुसून नव्याने सुरू करू का?’ असं पडद्याने विचारलं. मी ‘हो’वर बोट नेलं, तेवढ्यात वहिनी आली.

“हात काढा, भावजी.”

मी सगळं सांगून टाकलं. लपवण्यासारखं उरलंच काय होतं.

“बंद केला होतात की झोपवला होतात?”

“झोपवला. आपण बंद कुठे करतो?”

खरंच करत नाही. मूळचा जुना कॉम्प्युटर एकदा बंद केला की परत सुरू होईल याचा भरवसा नसायचा. तो धाक आमच्या घरातून अजून गेलेला नाही.

“नव्या आवृत्तीने झोपवलेला जुनीत उठत नाही,” वहिनी म्हणाली. “ज्याने झोपवलं त्यालाच उठवू दे.”

तिने नवी आवृत्ती परत घातली. आतला उठला. तिने त्याला रीतसर बंद केलं आणि मग यादी उघडली.

“या नव्या आवृत्तीच्या नंबरात शेवटी शून्य, म्हणजे नुकतं बांधलेलं घर. नळ गळणारच. आधी दुसरं कुणी राहून जाऊ दे. आणि तुमची ती सगळ्यात जुनी, तिला या कॉम्प्युटरची ओळखही नाही. ही बघा, मागच्या घरातली शेवटची, हिच्या नंबरात शेवटी अठरा. अठरा वेळा दुरुस्त झालीये.”

अठरा घातली. आतला कॉम्प्युटर सुरू झाला, आणि कटिंग मशीनचं पातं खर्रकन आपल्या कोपऱ्यात जाऊन उभं राहिलं. माझा जीव भांड्यात पडला. मी वहिनीला नमस्कारच करणार होतो, पण तिने आधी सोल कापायला सांगितलं.

दादाने सोल चिकटवला आणि चारला बाई आल्या. बूट घातला, काठी माझ्या हातात दिली आणि दुकानाबाहेरच्या जिन्याकडे गेल्या. आम्ही तिघं दारात. त्या कठडा न धरता वरपर्यंत गेल्या. तिथे जरा थांबल्या, मग खाली आल्या. दादाने डोळे पुसले आणि डिंकाचा वास लागतो म्हणाला.

बाईंनी पर्समधून फोन काढला.

“शाळेत सांगते,” त्या म्हणाल्या, “सोमवारी मी येतेय.”