केरूची नजर

दुबईत, मुहैस्नाहच्या कामगार कॅम्पात, आठ जणांच्या एका खोलीत केरूचे डोळे आले. खोलीने ताबडतोब योग्य ती काळजी घेतली. केरूला बदडलं.

डोळे येतात ते बघितल्याने, हे खेडपासून दुबईपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून केरूने यापुढे भिंतीकडे तोंड करून जगायचं ठरलं. ठरवणारा अर्थात खोलीचा दादा, तुकाराम. पुढच्या गुरुवारी फोर्कलिफ्टच्या लायसन्ससाठी त्याचे डोळे तपासणार होते. पास झाला तर जबल अलीच्या गोदामात गाडीवर बसायचं. डोळे लाल दिसले तर पुन्हा उन्हात पाठीवर पोती, कारण दुसरी संधी देण्याला फोरमनचा तात्त्विक विरोध होता.

केरू कॅम्पच्या दवाखान्यात जाऊन आला.

"नर्स अफनान म्हणतो, बघून काही होत नाही," त्याने भिंतीला सांगितलं. "डोळ्यातलं पाणी हाताला लागतं. हात नळाला, कडीला, उशीला. तिथून दुसऱ्याच्या हाताला, मग त्याच्या डोळ्यात. विषाणू असतो म्हणे."

"मग तो काय आंधळा असतो?" कॉटवरून विघ्नेशने विचारलं.

खोली हसली. केरूला नेमकी तेव्हाच शिंक आली, आणि शिंकेच्या भरात तो वळला तो थेट तुकारामच्या समोर.

तुकारामचा पहिला ठोसा नाकावर बसला, दुसरा तोंडावर. एक दात उडून कॉटखाली गेला. केरूने तुकारामच्या दंडाचा लचका तोडला. विघ्नेशने भांडण सोडवलं, म्हणजे केरूला मागून घट्ट धरलं, त्यामुळे तुकारामची फार सोय झाली. त्याने केरूचं डोकं लोखंडी कपाटावर इतकं आपटलं की दाराला पोचा पडला.

मग घाम आणि रक्त पुसायला त्याने समोरचा टॉवेल ओढला.

"तो नको!" केरू फुटक्या ओठांनी ओरडला. "माझाय तो!"

"मेलास तरी टॉवेल सोडू नकोस, कंजूस!"

"अरे, त्याने मी डोळे पुसलेत!"

"पुसलेस ना? बघितलं तर नाहीस?" आणि तुकारामने मुद्दाम, त्याला खिजवत, सगळं तोंड खसाखसा पुसलं. मग टॉवेल विघ्नेशला दिला. श्रम त्यालाही झाले होते.

विषाणूला पाय नाहीत, पंख नाहीत, व्हिसा नाही. कुणीतरी उचलून न्यावं लागतं.

गुरुवारी सकाळी तुकारामच्या पापण्या एकमेकींना चिकटलेल्या होत्या. बाहेर कंपनीची बस हॉर्न वाजवत होती. ड्रायव्हर "यल्ला, यल्ला" करत घाई करत होता.

"झोपेत बघितलंस काय रे माझ्याकडे?" तुकाराम गरजला आणि अंदाजाने धावला. पहिला गुद्दा विघ्नेशच्या कानाखाली बसला. त्याचेही डोळे चिकटलेले, त्यामुळे तो चुकवू शकला नाही. केरूचे मात्र आता निवळले होते. तो बाजूला झाला आणि दुसरा गुद्दा कॉटच्या खांबावर बसला. हाड मोडल्याचा आवाज बसपर्यंत गेला असावा, कारण बस निघून गेली.

तुकाराम फरशीवर बसून लहान मुलासारखा रडला. केरूने साबणाने हात धुतले, पुठ्ठा फाडला आणि त्याचा मोडका हात बांधायला घेतला.

"केरू," तुकाराम हुंदके आवरत म्हणाला, "डोळे मिटून बांध हां."