स्टीअरिंगवरचं बोट

माझा नवरा वर्लिन टोस्टरवरही संशय घेतो. गंमत म्हणून सांगत नाहीये. गेल्या हिवाळ्यात मुलीने नवा टोस्टर पाठवला, तर हा तो उलटा करून आत कुठे डोळा किंवा कान बसवलाय का ते बघत बसला. टीव्हीसमोर तो कुजबुजत बोलतो, कारण एकदा जेवताना कोंबड्यांच्या खाद्याचा विषय निघाला आणि ताटं उचलायच्या आत फोनवर त्याच खाद्याची जाहिरात आली. कॉम्प्युटरच्या कॅमेऱ्यावर त्याने जखमेची चिकटपट्टी लावलीय. दुकानात सवलतीच्या कार्डासाठी नाव विचारलं की हा आमच्या मेलेल्या कुत्र्याचं नाव सांगतो. त्या कुत्र्याला अजून वाढदिवसाची कुपनं येतात.

खरं सांगायचं तर मी त्याला फार बोलत नाही. निवडणूक जवळ आली की आमचे फोन दिवसभर किणकिणतात. 'वर्लिन, तू आम्हाला सोडून गेलास का? आज फक्त पाच डॉलर दे, देश वाचव.' दुसऱ्या पक्षाचंही तेच रडगाणं, फक्त देश कुणापासून वाचवायचा ते नाव वेगळं. 'थांबवा' असं उलट लिहून पाठवलं की दुसऱ्या नंबरावरून दुप्पट सुरू. आणि हेच लोक निवडून आल्यावर आपण फोन केला तर पलीकडे यंत्र बोलतं. वर्लिनच्या मते सगळे एकाच माळेचे मणी आहेत आणि माळ कुठल्या तरी कंपनीच्या तिजोरीत आहे. तरी आपल्या पक्षाची पाटी तो दर खेपेला फाटकाशी रोवतोच. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

रस्त्याच्या पलीकडच्या फाटकाशी ड्वेन ब्रेक्केची पाटी असायची, उलट्या पक्षाची. ड्वेन आणि वर्लिन शाळेपासूनचे मित्र. दोघांची मतं कधी जुळली नाहीत आणि दोघांचं कधी अडलंही नाही. मतदानाच्या दिवशी दोघे एकाच पिकअपमधून टाऊनशिपच्या हॉलवर जायचे, एकमेकांचं मत मारायचे आणि येताना कॅफेत सफरचंदाचा गोड ॲपल पाय खाऊन यायचे. घरी बसला असतात तरी हिशेब तोच झाला असता, असं मी आणि ड्वेनची बायको मार्लिस दर वेळी म्हणायचो. पण मग ॲपल पाय कसा मिळाला असता, असं ड्वेन म्हणायचा. वर्लिनच्या संशयांवर पोट धरून हसणाराही तोच. त्या चिकटपट्टीवर त्याने एकदा पेनाने डोळा काढून ठेवला होता.

आमच्या खडीच्या रस्त्यावर समोरून गाडी आली की स्टीअरिंगवरून एक बोट उचलायचं असतं. फक्त तर्जनी. पूर्ण हात हलवणारा माणूस शहरातून आलेला असतो. ओळख नसली तरी बोट उचलायचं, भाऊबंदकी असली तरी उचलायचं. माझा दीर आणि वर्लिन वाटणीवरून कित्येक वर्षं बोलत नव्हते, पण रस्त्यावर दोघांचीही बोटं उठायची. बोट उठलं नाही म्हणजे समोरच्याच्या लेखी तुम्ही संपलात.

या उन्हाळ्यात ड्वेनने जमीन कसायला दिली, पिकअप विकली आणि पार्सलं पोचवायची नोकरी धरली. मार्लिसच्या सांध्यांच्या दुखण्याला महागडी इंजेक्शनं लागतात. विमा कंपनीला एके दिवशी वाटलं की ती लागत नाहीत. नव्या नोकरीबरोबर नवा विमा मिळाला आणि इंजेक्शनं पुन्हा सुरू झाली. पांढरी व्हॅन त्याच्याच अंगणात उभी असायची आणि तो आठवड्यातले बहुतेक सगळे दिवस तिच्यातच असायचा.

सप्टेंबर उजाडला आणि एक दिवस वर्लिन बूट न काढताच स्वयंपाकघरात आला.

"ड्वेननं बोट उचललं नाही," तो म्हणाला.

मी म्हटलं, डोळ्यांवर ऊन आलं असेल. दुसऱ्या दिवशी आभाळ भरलेलं होतं आणि बोट तरीही उठलं नाही. तिसऱ्या दिवशी वर्लिन मुद्दाम टपालपेटीपाशी जाऊन उभा राहिला आणि त्याने टोपी काढून हलवली. ड्वेन दोन्ही हातांनी स्टीअरिंग धरून, फोटोला बसल्यासारखा समोर बघत निघून गेला. एकदा पार्सल घेऊन तो आमच्या पायरीपर्यंत आला. वर्लिनने आतून हाक मारली, तर घाई आहे म्हणत मागे न बघता पळाला.

मग वर्लिनच्या मनात शंकेची पाल चुकचुकायला लागली. चुकचुकली म्हणजे काय, तिने तिथे घरच केलं. पाटीमुळेच हे, तो म्हणाला. या वर्षी त्याची पाटी जरा मोठी होती. मग म्हणाला, पाटीमुळे नाही, ऑगस्टमध्ये धान्याच्या गोदामावर कॉफी पिताना मी कर्जमाफीबद्दल बोललो त्यामुळे. त्याने आपलं वाक्य मला चार प्रकारे म्हणून दाखवलं आणि त्यात टोचण्यासारखं काय आहे ते विचारलं. टीव्हीवर रोज दाखवायचे, अमुक गावात भाऊ भावाशी बोलत नाही, तमुक गावात लग्न मोडलं. आधी वर्लिन म्हणायचा की हे सगळं आपल्याला भांडायला लावायला रचलेलं आहे. आता तो मान हलवत बघायचा. मला ते बघून भीती वाटायची. ज्या माणसाने कधी टीव्हीचं काही खरं मानलं नाही, त्याने नेमकं हेच खरं मानलं होतं.

मतदानाच्या दिवशी त्याने पिकअप धुतली आणि अंगणात इंजिन चालू ठेवून बसला. ड्वेन येईल असं तो बोलला नाही, मीही विचारलं नाही. जेवणाची वेळ टळून गेल्यावर तो एकटाच गेला आणि लगेच परत आला. ॲपल पाय खाल्लास का, असं विचारायची मला हिंमत झाली नाही. संध्याकाळी दोन्ही पक्षांच्या लोकांनी आपापल्या विजयाची भाषणं केली आणि वर्लिन टीव्ही बंद करून कोंबड्यांकडे गेला.

त्यानंतरच्या आठवड्यात चर्चच्या तळघरात आम्ही बायका जेवणावळीसाठी लेफ्से लाटायला बसलो. बटाट्याच्या त्या पोळ्या मी लाटत होते आणि मार्लिस लांब काठीने तव्यावर उलटत होती. आम्ही दोघी अळीमिळी गुपचिळी. इतर बायका कॉफी घ्यायला वर गेल्या तसं तिने काठी खाली ठेवली.

"आर्डिस, तुझ्या नवऱ्याला सांग, रस्त्यात उभं राहून टोपी हलवणं बंद कर म्हणावं."

मला राग आला. मी म्हटलं, "साधी ओळख दाखवायला तुझ्या नवऱ्याचं काय जातं ते तूच सांग."

"नोकरी जाते," ती म्हणाली. "व्हॅनमध्ये कॅमेरा आहे, ऑगस्टअखेरीस काचेला लावलेला, त्याच्या तोंडासमोर. हात स्टीअरिंगवरून सुटला की ती डबी ओरडते आणि वर कळवते. बोट उचललं तरी सुटलंच धरते. पहिल्याच आठवड्यात त्याच्या नावावर किती खुणा पडल्या माहितीये? त्यातल्या बऱ्याचशा तुमच्या फाटकासमोर. ऑफिसातल्या पोरानं फोन करून सांगितलं, काका, आता शेवटची संधी आहे."

मतदानाला तरी यायचं होतं, मी म्हटलं. त्या दिवशी सुट्टी मागितली होती, मिळाली नाही, असं मार्लिस म्हणाली. उलट रात्री हसत होता, म्हणे या वर्षी वर्लिनचं मत मारायला मी नव्हतो, त्याच्या बाजूला एक मत जास्त पडलं.

"मग वर्लिनला सांगायचं ना सरळ."

"काय सांगायचं? जन्मभर ज्याला टोस्टरला घाबरतोस म्हणून चिडवलं, त्याला सांगायचं की मला एक डबी हाताची घडी तोंडावर बोट करून बसवते? तो मरेल, पण सांगणार नाही. आणि तूही सांगायचं नाहीस. माझी शपथ आहे तुला."

मी हो म्हटलं. घरी येताना गाडीत मला हसूही येत होतं आणि रडूही. सगळ्या जगावर संशय घेणाऱ्या माझ्या नवऱ्याने जिथे खरोखर डोळा बसवला होता नेमकी ती जागा सोडली होती, आणि चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती.

घरी आले तर वर्लिन चष्मा लावून टेबलाशी बसला होता. समोर फोन. पार्सल आलं की कंपनी विचारते ना, 'तुमचा अनुभव कसा होता?' असल्या प्रश्नांना त्याने आयुष्यात कधी उत्तर दिलं नव्हतं. आपण एक शब्द दिला की ते दहा विकतात, असं त्याचं म्हणणं.

"आज लिहून टाकलं," तो म्हणाला.

मी फोन ओढून घेतला. पाचातली एक चांदणी. खाली त्याने लिहिलं होतं: 'चालक माणसांकडे बघत नाही. रस्त्याकडेला कुणी उभं असलं तरी त्याला दिसत नाही. त्याचं लक्ष कुठे असतं कोण जाणे.' आणि त्याखाली कंपनीचं उत्तरही येऊन पडलं होतं. धन्यवाद, तुमचं मत आम्ही गांभीर्याने घेतो.

शपथ गेली चुलीत. मी कोट न काढता उभ्या उभ्या त्याला सगळं सांगितलं: डबी, खुणा, शेवटची संधी, मार्लिसची इंजेक्शनं. तो ऐकत राहिला. मला वाटलं आता कंपनीला शिव्या घालेल, मी म्हणतच होतो म्हणेल. त्याने एवढंच विचारलं, ती डबी आवाजही टिपते का. मला माहीत नव्हतं. मग तो म्हणाला, "कंपनीचा नंबर शोध."

पहिल्यांदा यंत्र बोललं. हे संभाषण ध्वनिमुद्रित होईल, चालेल का? माझ्या नवऱ्याने हो म्हटलं. नाव विचारलं, तर त्याने स्वतःचं सांगितलं, कुत्र्याचं नाही. जन्मतारीख विचारली, पत्ता विचारला, पुढच्या वेळी ओळख पटावी म्हणून आवाजाचा नमुना ठेवू का विचारलं. वर्लिन प्रत्येकाला हो म्हणत गेला. मग यंत्र म्हणालं, अडचण थोडक्यात सांगा.

"ड्वेन चांगला माणूस आहे," वर्लिन म्हणाला.

तुमचं पार्सल हरवलंय, बरोबर? यंत्राने विचारलं. नाही, वर्लिन म्हणाला. तुम्हाला पैसे परत हवेत, बरोबर? नाही. तुम्हाला आणखी एक तक्रार नोंदवायचीय, बरोबर? तेव्हा तो इतक्या जोरात नाही म्हणाला की बाहेर कोंबड्या फडफडल्या. मग संगीत लागलं आणि आमच्या कॉफीवर साय धरली तरी वाजत राहिलं.

शेवटी कुठून तरी एक मुलगी बोलली. फार गोड बोलत होती बिचारी. तिने सांगितलं की नोंदवलेलं मत मागे घेता येत नाही.

"मग मी खोटं लिहिलं असं लिही, बाळ," वर्लिन म्हणाला. "म्हातारा खोटारडा आहे असं लिही."

"तसा पर्याय माझ्याकडे नाहीये, सर. पण तुम्ही पुढच्या पार्सलला चांगलं मत देऊ शकता."

त्याने तिथल्या तिथे कंपनीकडून कोंबड्यांचं खाद्य मागवलं. गोदामावर निम्म्या किमतीत मिळतं ते. फोन ठेवताना यंत्राने विचारलं, या संभाषणाला किती चांदण्या द्याल? वर्लिनने पाच दिल्या. ते बघून मला त्या कंपनीचा जितका राग आला, तितका कुठल्या पुढाऱ्याचाही कधी आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो टपालपेटीपाशी जाऊन उभा राहिला. बर्फ पडायला लागलं होतं. मीही शाल गुंडाळून गेले, कारण व्हॅनमधून दुसरंच कुणी उतरलं असतं तर मला त्याला एकट्याला ते बघू द्यायचं नव्हतं. टेकाडावरून पांढरी व्हॅन आली. काचेवर वायपर हलत होते, चेहरा दिसेना. अगदी जवळ आल्यावर दिसला. ड्वेनच होता, दोन्ही हात स्टीअरिंगवर.

वर्लिनचा उजवा हात सवयीने वर निघाला. कमरेपर्यंत आला असेल. मग त्याने तो खाली घेतला आणि दोन्ही हात कोटाच्या खिशात खोल घालून तो ताठ उभा राहिला. ड्वेनने आमच्याकडे मान वळवली नाही, पण त्याने ते पाहिलं. व्हॅन आमच्यासमोर जरा हळू झाली आणि पुढे गेली.

दुपारी मार्लिसचा फोन आला. तू सांगितलंस ना, म्हणाली. मी हो म्हटलं. मग ती म्हणाली की ड्वेन आज जेवला नीट.

त्या तक्रारीचं पुढे काय झालं ते आम्हाला कुणी कळवलं नाही, आणि कळवणारही नाही. एक दिवस दुसराच माणूस व्हॅन घेऊन येईल, किंवा येणार नाही. म्हणून वर्लिन रोज सकाळी रस्त्यावर जातो, आधी काचेमागचा चेहरा नीट बघून घेतो, आणि तो ड्वेनचा असला की दोन्ही हात खिशात घालतो.