कुत्र्याने पाणी घेतले

चिंधाने घमेले भुऱ्याच्या तोंडापुढे सरकवले आणि तो उकिडवा बसला. भुऱ्याने पाण्याचा वास घेतला, मान वळवली, मागच्या पायाने कान खाजवला. चिंधा हलला नाही. विहिरीचे ताजे पाणी होते, त्यातून बारीक वाफ निघत होती. बऱ्याच वेळाने भुऱ्याने जीभ घातली आणि लपलप आवाज सुरू झाला. तेव्हा कुठे चिंधाने गुडघ्यांवर आवळलेले हात सैल सोडले.

"पेला का?" बांधावरून सुपडूने विचारले. पलीकडची केळीची बाग सुपडू राखत असे.

"पेला."

"आज कितवा?"

"चौथा."

"काय भो, कुत्र्याची एवढी सेवा करू राहिला! जावयाची केली असती तर हे झालंच नसतं."

चिंधा हसला नाही. खोपीत जाऊन त्याने वही घेतली, पेन्सिलीचे टोक जिभेला लावले आणि उंबऱ्यावर बसून लिहू लागला.

रविवारी संध्याकाळी हे घडले होते. त्याची एकुलती लेक कला आणि जावई देवचंद भुसावळहून भरीत खायला आले होते. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीच्या जाळावर वांगी भाजली, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी झाल्या, सगळे बागेच्या कडेला शेकत बसले. देवचंद रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होता, बोलायला मोकळा, थट्टेखोर. भुऱ्याला भाकरीचा तुकडा दाखवायचा आणि मागे घ्यायचा, पुन्हा दाखवायचा, पुन्हा मागे घ्यायचा, असा त्याचा खेळ चालला होता. चौथ्या खेपेला भुऱ्याने तुकड्याबरोबर देवचंदचा पंजाही धरला. चार दात खोल गेले.

पिसाळलेले कुत्रे पाण्याला भिते आणि दहा दिवसांच्या आत मरते, हे गावात सगळ्यांना माहीत होते. कुत्रे दहा दिवस जगले की माणूस सुटला. नाहीतर पोटात चौदा इंजेक्शने, आणि तीही उशिरा घेतली तर उपयोग नाही. इंजेक्शन म्हणताच देवचंदचे तोंड उतरले होते.

"मामा, घरचंच कुत्रं आहे. तुम्ही दहा दिवस नजर ठेवा, म्हणजे झालं," तो म्हणाला होता.

कलाने हळद भरून हात बांधला आणि ती बापाकडे वळली. "आबा, सकाळच्या पॅसेंजरच्या गार्डाजवळ रोज खबर द्यायची. ते ह्यांच्या ओळखीचे आहेत, ऑफिसात आणून देतील. तोंडी निरोप नको. त्यांना गाडी सुटायची घाई असते, काही ऐकतात, काही नाही. लिहून द्या. तुमच्या हातानं."

चिंधाच्या हाताला अक्षर येऊन चार वर्षे झाली होती. गावात प्रौढ शिक्षणाचा वर्ग निघाला तेव्हा तो साठीला टेकला होता. सही करणे, एसटीची पाटी वाचणे, बुद्धविहारात भिंतीवरच्या ओळी बोटाने वाचणे, एवढ्यावर त्याचे भागत असे. पत्र लिहावे असे कोणी नव्हते. बायको जाऊन आठ वर्षे झाली होती आणि कला आली की तो 'कशी हायेस' विचारून उत्तराची वाट न पाहता मोटर सुरू करायला जाई.

पहिल्या दिवशी त्याने लिहिले होते, 'कुत्र्याने पाणी घेतले. चिंधा.' एवढ्याला अर्धा तास गेला होता.

चिठ्ठी खिशात घालून तो स्टेशनाकडे निघाला. मैलभर वाट होती. नऊच्या सुमारास पॅसेंजर यायची, शेवटच्या डब्यातून गार्ड हात बाहेर काढायचा, चिंधा चिठ्ठी ठेवायचा. गाडी गेल्यावरही तो फलाटावर उभा राही. भुऱ्याने पाणी घेतले तेव्हा त्याने ते नीट घेतले का, की नुसती जीभ बुडवली, हे वाटेत त्याला उलगडेनासे होई. मग तो झपझप चालत परत येई आणि पुन्हा घमेले पुढे करी. एवढे पाणी पुन्हा पुन्हा बघून भुऱ्या कंटाळून तोंड फिरवी, आणि चिंधा घमेले धरून तिथेच बसून राही.

थंडीने त्या वर्षी कहर मांडला होता. सातपुड्याकडून रात्रभर वारा यायचा. केळीला चटका बसू नये म्हणून बागेचे मालक मोतीलालशेठ यांनी पहाटे बागेच्या वरच्या अंगाला पालापाचोळा पेटवून धूर करायला सांगितले होते. तो धूर करून झाला की चिंधाला काम उरत नसे. एरवी तो गावात चकरा मारून येई. आता खोपीच्या खांबाला बांधलेल्या भुऱ्याला सोडून त्याला कुठे जाववत नव्हते. तो उन्हात बसून राही. रंगी, खोपीवरचीच कुत्री, त्याच्या पायाशी येऊन अंग टाकी. हरभऱ्याचे घाटे भाजले की दोन्ही कुत्री सोललेल्या दाण्यासाठी त्याच्या बोटांकडे बघत. दाणा वर फेकला की रंगी हवेतच झेली, भुऱ्याचा मात्र दर वेळी हुके आणि तो मातीत नाक घालून शोधत बसे. चिंधाला हसू येई. मग आठवे की आपण ह्याच्यावर कशासाठी नजर ठेवून आहोत, आणि हसू जाई.

चिठ्ठ्या मात्र लांबत चालल्या होत्या. पाहिले ते लिहायचे, एवढेच त्याला ठाऊक होते.

'कुत्र्याने पाणी घेतले. अर्धी भाकर खाल्ली. रंगीशी भांडला. थंडी आहे.'

सातव्या दिवशी पान भरले. 'कुत्र्याने पाणी घेतले. ऊन सरकते तसा तो सरकतो. दोरी संपली की थांबतो आणि माझ्याकडे बघतो. मग मी खांब सोडून दोरी आंब्याला बांधतो. झोपेत पाय हलवतो. तुझी आई म्हणायची, कुत्री झोपेत गावी जातात. आता तीनच दिवस. जावईबापूंना जय भीम सांग.'

आठव्या दिवशी पहाटे चिंधा धूर करायला उठला आणि खोपीच्या दारातच थांबला. उजाडत होते. बांधापासून नाल्यापर्यंतचे सगळे गवत पांढरे झाले होते. दव जागच्या जागी गोठले होते. त्याने खाली वाकून बोट लावले तर ते कुरकुरले. एवढ्या आयुष्यात असे त्याने दोनदाच पाहिले होते, त्यातले एकदा लहानपणी, आईच्या कडेवर.

रंगी त्या पांढऱ्यात गेली, पाय उचलून चाटू लागली, आणि एकदम वेड लागल्यासारखी गोल गोल पळत सुटली. तिच्यामागे गवतात हिरव्या रेघा उमटत गेल्या. भुऱ्या दोरीला हिसके देत उभ्या उभ्या रडत होता.

"एकच चक्कर," चिंधा त्याला म्हणाला आणि त्याने गाठ सोडली.

भुऱ्या सुटला. दोघे एकमेकांवर आदळले, लोळले, नाकावर पांढरे घेऊन फुर्रफुर्र करीत पुन्हा उठले. भुऱ्या घसरून पाठीवर पडला आणि चिंधा मोठ्याने हसला. सुपडू बांधावर आला, तोही हसू लागला. कितीतरी दिवसांनी चिंधाला हलके वाटत होते. त्याने स्वतःही वहाण काढून एक पाय गवतावर ठेवला आणि झटकन उचलला.

तेवढ्यात नाल्याच्या काठून ससा निघाला. दोन्ही कुत्री त्याच्यामागे गेली. चिंधाने हाक मारली, शीळ घातली. काही वेळाने रंगी जीभ काढून परत आली. एकटीच.

ऊन वर आले, गवत ओले हिरवे झाले. भुऱ्या आला नाही. घमेले भरलेले तसेच होते.

"येईल ना भो, पोट कोठी जाईल त्याचं?" सुपडू म्हणाला. "गाडीची वेळ झाली. लिहून टाक पाणी पेला म्हणून. सांजच्याला पेईलच."

"अन् नाही आला तर?"

"नाही लिहिलं तर लेक तिथं घाबरी होईल. बघ बापा."

चिंधाने लिहिले, 'कुत्र्याने पाणी घेतले.' पुढे काही सुचले नाही. चिठ्ठी देताना त्याने गार्डाच्या तोंडाकडे पाहिले नाही.

तो दिवसभर त्याने नाला, पलीकडची शिवारे, टेकडीच्या पायथ्याचा पाडा असे सगळे पालथे घातले. सुपडूही फिरला. कोणी म्हणे दुपारी एक भुरे कुत्रे पळताना पाहिले, तोंडाला फेस होता. कोणी म्हणे तो फेस नव्हे, कुत्रेही दुसरेच. पिसाळलेले कुत्रे घर सोडून जाते, हेही चिंधाला माहीत होते, आणि ते त्याने कोणाला सांगितले नाही.

नवव्या दिवशी सकाळी वही मांडीवर तशीच राहिली. पॅसेंजर आली तेव्हा तो तिकीट काढून फलाटावर उभा होता.

"आज चिठ्ठी नाही, आबा?" गार्डाने विचारले.

"आज मीच हाय," चिंधा म्हणाला आणि पुढच्या डब्यात चढला.

भुसावळला रेल्वेच्या क्वार्टरची कडी त्याने वाजवली तेव्हा दार शेजारचे उघडले. शेजारीण पार्वताबाईंनी त्याला नखशिखांत न्याहाळले.

"तुम्ही कलाचे आबा का? भुऱ्याचे?"

चिंधा काही बोलायच्या आत कला बाहेर आली. तिला बघताच तो उंबऱ्यावरच सांगू लागला, आत जाऊन सांगण्याइतका धीर त्याला नव्हता.

"कुत्रं गेलं, कला. काल सकाळीच गेलं. मीच सोडलं. अन् मी खोटं लिहिलं. एक दिवस वाया घालवला मी. जावईबापूले आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने. आत्ताच्या आत्ता."

कलाने त्याचा हात धरून त्याला आत घेतले.

देवचंद खाटेवर भिंतीला टेकून बसला होता. अंगात बनियन, पोटावर गरम पाण्याची पिशवी. चिंधाला बघून तो उठायला गेला आणि कण्हून परत बसला.

"बसा मामा. आत्ताच घेऊन आलो. आठवं झालं."

"काय आठवं?"

देवचंदने बनियन थोडे वर केले. बेंबीभोवती निळे-लाल डाग होते.

"मंगळवारीच हिनं ओढत नेलं. डॉक्टर असे काही भडकले, म्हणाले, कुत्र्याच्या भरवशावर राहता? अजून सहा आहेत. मेलो मी, मामा."

चिंधा खाली बसला. तो देवचंदच्या पोटाकडे बघत होता.

"मंग मले काऊन नाही सांगितलं?" त्याचा आवाज चढला. "आठ दिवस झोप नाही मले. घमेलं घेऊन घेऊन फिरू राहिलो मी! गार्डाजवळ एक शब्द पाठवता येत नव्हता?"

कलाने चहाचे आधण ठेवले होते, त्याकडेच बघत ती बोलली.

"निरोप मंगळवारीच पाठवणार होते. पण तुमची चिठ्ठी आली होती. म्हटलं, उद्या सांगू. उद्याही आली." ती थांबली. "कुत्री झोपेत गावी जातात, हे आईचं मला माहीतच नव्हतं, आबा. तुम्ही कधी काही सांगितलंच नाही."

तिने आधणात साखर टाकली.

"चुकलंच माझं," ती म्हणाली. "काल नुसती एकच ओळ आली, तेव्हापासून मलाही चैन नाही."

"क्वार्टरांच्या साऱ्या लाइनीला चैन नाही, ही रोज चिठ्ठी वाचून दाखवते ना," देवचंद म्हणाला. "पार्वताबाई तर काल दोनदा विचारून गेल्या, रंगीशी पुन्हा भांडला का म्हणून. कुठल्या अंगाला गेला तो? नाल्याच्या खाली की वर?"

"वर. टेकडीकडं."

"मग पाड्यावर कुणीतरी बांधला असेल. पाड्यातली माणसं चांगलं कुत्रं सोडत नाहीत. विचारलं का घरोघर?"

"दोन-चार घरी विचारलं."

देवचंदने पिशवी बाजूला ठेवली, खुंटीवरचा शर्ट काढला, वर स्वेटर चढवला. नववे इंजेक्शन उद्या सकाळी दहाला होते. रात्री मुक्काम केला तरी पहाटेच्या गाडीने परत येता येत होते. हे सगळे तो कलाला सांगत होता आणि ती नाही म्हणत नव्हती, चहा गाळत होती.

"तुमी कशाले, जावईबापू?" चिंधा म्हणाला. "त्यानं तुमालेच चावलं."

"म्हणूनच तर. मला तो ओळखतो."

देवचंद बूट चढवायला खाली वाकला आणि अर्ध्यातच थांबला. एक हात पोटाशी गेला. त्याने पुन्हा वाकून पाहिले, पण हात नाडीपर्यंत पोहोचेनात.

चिंधाने चहाचा कप जमिनीवर ठेवला. तो पुढे सरकला, उकिडवा बसला आणि त्याने जावयाचा पाय आपल्या गुडघ्यावर घेतला.

"अहो मामा, राहू द्या," देवचंद म्हणाला.

चिंधाने नाडीची दोन्ही टोके हातात घेऊन ओढली. "घट्ट झाली तर सांगा," तो म्हणाला.