पेशीनाथांचा एकच ग्लास

रविवारी सकाळी दिल्लीत आर. के. पुरमच्या समाजमंदिरात एक पेशी रडत होती. ती काचेच्या ग्लासात होती, तपकिरी होती आणि पेशीनाथ महाराजांच्या म्हणण्यानुसार सेक्शन ऑफिसरच्या वयाची होती. मराठी मंडळाच्या शंभरेक लोकांनी पोह्यांच्या बश्या हातात धरून श्वास रोखला होता.

महाराजांनी हिरव्या अर्काचे दहा थेंब टाकून ढवळलं. रंग झर्रकन उडाला.

"देखो, पेशी हसली," महाराज म्हणाले. "सत्तावीस वनस्पतींचं कवच. शुगर, बीपी, प्रमोशन, सगळ्यावर चालतं."

सगळ्यात पुढे तात्याराव बसले होते. केंद्राच्या मंत्रालयात तीस वर्षं काढलेला हा माणूस शिक्क्याशिवाय सूर्योदयावरही विश्वास ठेवत नसे. पण अर्काच्या बाटलीवर चार गोल शिक्के होते. पहिली बाटली घरी येताच त्यांनी फ्रिजवर आदेश चिकटवला : 'रक्तदाबाची गोळी पुढील आदेशापर्यंत स्थगित.' त्याला नऊ दिवस झाले होते. काल मशीननं एकशे नव्वदचा आकडा दाखवला, तेव्हा तात्यारावांनी मशीनला कारणे दाखवा नोटीस काढली.

त्यांची मुलगी उत्तरा मागे उभी होती. ती प्रयोगशाळेत पानांमधून एकेक द्रव्य वेगळं काढायची आणि विषापासून ते पेशींना वाचवतं का, हे बशीतल्या जिवंत पेशींवर तपासायची. तीन वर्षांत अकरा द्रव्यं झाली. नऊ द्रव्यांनी काहीच केलं नाही, एकानं पेशीच मारल्या, अकराव्याचा प्रयोग अजून दोनदा करून बघायचा होता.

"महाराज, दुसरा ग्लास कुठंय?" तिनं विचारलं. "अर्क न टाकलेला. आमच्याकडे त्याच्याशिवाय संशोधनाचे गाइड केबिनमध्येही घेत नाहीत."

दुसऱ्या पेशीचा आज मुहूर्त नाही, असं महाराज म्हणाले. तेव्हा उत्तरानं मंडळाच्या प्रथमोपचार पेटीतून जखमेवर लावायचं आयोडीन काढलं आणि चार थेंब ग्लासभर पाण्यात टाकले. हुबेहूब तशीच तपकिरी पेशी तयार झाली. मग तिनं वडिलांच्या पोह्यांवरची लिंबाची फोड उचलून त्यात पिळली. पाणी स्वच्छ.

मग मागून कुणीतरी लिंबूमहाराजांचा जयजयकार केला. दोघांनी फोडीला नमस्कार केला. एकानं ती प्रमोशनवर चालते का, हेही विचारून घेतलं.

उत्तरानं कपाळाला हात लावला. "अहो, ग्लासात पेशी नाहीच आहे. क जीवनसत्त्व पडलं की आयोडीनचा रंग जातो. ते जीवनसत्त्व लिंबात आहे, महाराजांच्या अर्कातल्या आवळ्यात आहे. कुणी बरं झालं नाही, कारण ग्लासात आजारी कुणी नव्हतंच." तिचा आवाज खाली आला. "आजारी तुम्ही आहात, बाबा. गोळी घ्या ना."

तात्यारावांनी दोन्ही ग्लास पाहिले. मग म्हणाले, "तीन लागतात."

"काय?"

"सरकारी खरेदीला तीन कोटेशनं लागतात. तिसऱ्यात आयोडीनवर नुसतं साधं पाणी घाल."

तिसऱ्या ग्लासातल्या आयोडीनवर उत्तरानं पाण्याचे दहा थेंब सोडले. तात्याराव पाच मिनिटं घड्याळ लावून बसले. तपकिरी ते तपकिरीच.

"एका कोटेशनवर फसलो," ते पुटपुटले. तीस वर्षांत एवढी लाज त्यांना ऑडिटसमोरही वाटली नव्हती.

महाराज तोवर रिक्षा शोधायला निघाले होते. जाताना पोहे बांधून घेतले, लिंबाशिवाय.

दुपारी फ्रिजवर नवा आदेश लागला :

'१. रक्तदाबाची गोळी तत्काळ प्रभावाने सुरू. पहिली घेतली.
२. मशीनला दिलेली नोटीस दिलगिरीसह मागे.
३. डोळ्यांना दिसलं, एवढं कारण पुरेसं नाही. यापुढे कोणताही चमत्कार किमान तीन ग्लासांशिवाय विचारात घेऊ नये. दुसरा ग्लास मागायला लाजू नये. जो द्यायला लाजतो, त्याचं औषध घेऊ नये.

प्रत : पत्नी, कन्या.
माहितीसाठी : लिंबू.'