साडेचार किलोंचे कौतुक

मित्रांनो, दुकानात बटाटे तोलणारे काटे तुम्ही पाहिले असतील. मी त्यांच्यातला नव्हे. मी प्रसूतिगृहातला वजनकाटा. नुकत्याच जन्मलेल्या बाळांना तोलता तोलता म्हातारा झालो.

कारखान्यात मला पत्र्याची खोलगट परात बसवली, पांढरा रंग दिला आणि दांडीवर पुढेमागे सरकणारी दोन वजने दिली. परातीत दुपटी कितीही अंथरा, बाळ ठेवले की भोकाड पसरायचेच. मला मात्र त्या उबेची चटक लागली. बाळ उचलून नेले की मी पुढच्याची वाट बघत बसायचो.

आमच्याकडे एक रीत होती. बाळ जन्मले की आधी माझ्याकडे यायचे आणि मोठ्या सिस्टर दारातून त्याचे वजन मोठ्याने सांगायच्या. आकडा मोठा असला की नातेवाईक असे खूश, जणू पोराने पहिला नंबरच काढला. माझीही मान ताठ व्हायची.

एकदा शिवणकाम करणाऱ्या एका बाईला मुलगा झाला. खूप वर्षांनी त्यांच्या घरी पाळणा हलणार होता. वजन साडेचार किलो! आत्याने त्याला उचलले, मग मावशीने घेतले, मग आजोबांनी. आई शेजारच्या खोलीत पडून होती. त्याला एकदा माझ्याजवळ आणा, असे ती सारखी सांगत होती. मोठ्या सिस्टर त्याला पाजायला न्यायला आल्या, तर आत्या म्हणाली, "त्याला कसली भूक? पोटातूनच जेवून आलाय तो."

सगळे हसले. सिस्टरही हसल्या आणि थोडे थांबल्या.

तेवढ्यात आजोबांच्या हातात बाळ थरथरू लागले आणि लुळे पडले. सिस्टरांनी त्याच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेतला. रक्तातली साखर फारच खाली गेली होती. त्याला धावतपळत आजारी बाळांच्या काचेच्या खोलीत नेले. आईने त्याचा चेहराही नीट पाहिला नव्हता.

डॉक्टरबाईंनी घरच्यांना माझ्यासमोरच समजावून सांगितले. गरोदरपणी बाळाला आईशी जोडणाऱ्या वारेतून काही संप्रेरके निघतात. त्यांच्यामुळे साखर आटोक्यात ठेवणाऱ्या आईच्या इन्शुलिनचा जोर कमी पडतो आणि कधीकधी तिच्या रक्तातली साखर वाढते. ती साखर बाळाकडे जाते, आईचे इन्शुलिन जात नाही. मग बाळ स्वतःच जास्तीचे इन्शुलिन तयार करते आणि त्यानेच असे जाडजूड होते. नाळ कापली की आईकडून येणारी साखर थांबते, बाळाचे इन्शुलिन मात्र लगेच थांबत नाही, म्हणून त्याची साखर उतरते आणि त्याला लवकर पाजावे लागते. प्रत्येक मोठे बाळ असे नसते, पण तपासल्याशिवाय ते कळत नाही. इथे आईची साखरेची तपासणीच राहून गेली होती, कारण पोट छान वाढतेय म्हणून सगळे खुशीत होते. आत्याच्या तोंडचे पाणी पळाले.

मग आई माझ्या खोलीत येऊन बसू लागली. तिथून काचेच्या खोलीचे दार दिसायचे. तिने वाटीत काढून दिलेले दूध सिस्टर आत न्यायच्या आणि ती रिकामे हात मांडीवर ठेवून बघत राहायची.

"लोकांच्या बाळांची किती झबली शिवली मी," ती एकदा म्हणाली, "आणि माझं बाळ केवढं आहे ते माझ्या हातांना ठाऊक नाही."

मला फार वाईट वाटले. ज्याचा भार मी सगळ्यांच्या आधी पेलला होता, तो तिला अजून मिळाला नव्हता.

अखेर एका सकाळी बाळ बरे होऊन बाहेर आले. सिस्टर सवयीने माझ्याकडे वळल्या. मीही आसुसलो होतो. पण आईने उठून हात पुढे केले.

"वजन राहू द्या. आधी मला द्या."

सिस्टरांनी बाळ तिला दिले. त्याने तिच्या कुशीत तोंड खुपसले आणि ती रडत रडत हसली. माझी परात रिकामीच राहिली.

आता मी अडगळीच्या खोलीत असतो. माझ्या जागी लाल आकड्यांचा नवा काटा आलाय. भिंतीपलीकडून बाळाचे रडणे ऐकू आले की अजून जीव कासावीस होतो. एकदाच, फक्त एकदाच कुणीतरी ती ऊब या परातीत ठेवावी, असे फार वाटते.

तरीही मित्रांनो, तुमच्या घरी बाळ येईल तेव्हा ते किती किलोंचे, हे विचारण्याआधी ते प्यायले का, ते विचारा. त्याला आधी आईकडे द्या. माझ्याकडे नंतर आणले तरी चालेल, मला वाट बघायची सवय आहे.